तिसऱ्या वळणावरची बाटली

शिकायला आलेल्या माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगते, गाडी तुमची, ब्रेक माझा. सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतेय मी. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं, पायाशी एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच, आणि समोर जे काय वाढून ठेवलं असेल ते. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. असतो. दिवसातून आठ वेळा आठ वेगवेगळी माणसं तुम्हाला घेऊन विजेच्या खांबाकडे निघाली, तर तुम्हीही गोड बोलणार नाही.

या धंद्यानं मला एक खोड लावली. घाबरले की माझा पाय खाली दाबला जातो. टॅक्सीत दाबला जातो, लिफ्टमध्ये दाबला जातो, एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत दाबला गेला आणि त्यांचा ट्रे पडला. एक्कावन्नाव्या वर्षी सायकल हातात घेतली तेव्हा कळलं की सायकल हे वाहन या बाबतीत अगदी उलट्या डोक्याचं आहे. तिथे घाबरून पाय दाबला की ती थांबत नाही, पळते.

पण सायकल घेतली का, ते आधी सांगते, म्हणजे पुढचा तमाशा समजेल.

मला एक नणंद आहेत. ह्यांच्या थोरल्या बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, राहायला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढतात. त्यांचा हात इतका हलका की सुई कधी गेली ते पेशंटला कळत नाही, आणि तोंडाचंही तसंच आहे. टोचून झाल्यावर अर्ध्या तासानं दुखायला लागतं. वन्संना सायकलचं वेड आहे. इथल्या सायकल क्लबच्या त्या सदस्य सचिव, आणि टेकडीवरच्या शर्यतीत पन्नाशीपुढच्या बायकांच्या गटात गेली सहा वर्षं पहिल्या. सहाही ढाली दिवाणखान्यात, दार उघडलं की समोर दिसतील अशा लावल्यात. आमच्या दिवाणखान्यात, त्यांच्या नव्हे. त्यांच्याकडच्या भिंतीला ओल येते म्हणे.

या सगळ्यात माझं काम होतं बाटली धरण्याचं. वन्सं वजन नको म्हणून सायकलवर एकच लहान बाटली ठेवतात. ती चढाच्या आधी संपते. मग तिसऱ्या वळणावर, जिथे चढ जरा सैल होतो, तिथे कुणीतरी भरलेली बाटली घेऊन उभं राहायचं आणि त्यांनी ती न थांबता उचलायची. हे कुणीतरी म्हणजे मी. वर्षाला सहा शर्यती, सगळ्या त्याच टेकडीवर, ढाल फक्त वर्षअखेरच्या शर्यतीला; अशी अकरा वर्षं. उन्हात, धुक्यात, एकदा तर एकशे एक ताप असताना. कुणी मला विचारलं नव्हतं. घरातल्या सुनेला बाटली धरता येतेच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि मूग गिळून मीही धरत होते.

मागच्या वर्षी एका रविवारी जेवताना वन्सं म्हणाल्या की, या खेपेला बाटली जरा उंच धर गं, गेल्या वेळी मला वाकावं लागलं. एवढंच. वाटी सरकव म्हणावं तितक्या सहज म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घास गिळला आणि म्हणाले की या खेपेला मी बाटली धरणार नाही, मी शर्यतीत आहे.

पहिल्यांदा ह्यांना ठसका लागला. मग वन्सं हसल्या. वाईट नाही हसल्या, लहान पोरानं चंद्रावर जातो म्हटल्यावर हसतात तशा हसल्या. त्यांना ठाऊक नव्हतं की सहा महिने रोज सकाळी साडेपाचला, विद्यार्थी यायच्या आधी, मी माझ्या सरावाच्या मैदानावर नारिंगी शंकूंभोवती सायकल फिरवत होते. एका विद्यार्थ्यानं चारचाकी घेतली तेव्हा त्याची गियरची सायकल मी विकत घेतली होती. मैदानाला कंटाळले की टेकडीच्या पायथ्यापर्यंत जायचे, आणि शेवटचे दोन महिने तर टेकडीवरही. उतरताना चारदा पडले. घरी सांगितलं, जिन्यात घसरले.

शब्दाला शब्द लागला आणि पैज ठरली. पैजेचे शब्द वन्संनीच सांगितले, कारण कागदपत्रांचा अधिकार त्यांचा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला ह्यांनी लिहून घेतलं: टेकडीच्या शर्यतीत जी आधी रेषा ओलांडेल ती जिंकली, जी मागून येईल तिनं पुढचं अख्खं वर्ष दुसरीची बाटली धरायची. दोघींनी सह्या केल्या. ह्यांना विचारलं कोण जिंकेल, तर म्हणाले, दोघींचंही बरोबर आहे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हा माणूस अजून दुसरं वाक्य शिकलेला नाही.

ही गंमत वाटत असेल तर जरा थांबा. बाटली धरणारीला शर्यतीत उतरता येत नाही, एकाच वेळी वळणावर उभं आणि सायकलवर कसं असणार? म्हणजे हरले तर माझी सायकल वर्षभर भिंतीला. आणि एक्कावन्नाव्या वर्षी वर्षभर सोडलेली गोष्ट पुन्हा हातात येत नाही, हे मी गाडी शिकून सोडून दिलेल्या शेकडो बायकांवरून सांगू शकते. मला ती सायकल हवी होती. सकाळच्या त्या दीड तासात कुणाच्याही वतीनं ब्रेक दाबायचा नसायचा.

आता कागदांकडे येते. क्लबचं ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची खोली. भिंतीला टांगलेली चाकं, तेलाचा वास, एक टेबल, टेबलामागे वन्सं, हातात शिक्का. फॉर्मवर सदस्यत्वाचे तीन प्रकार होते. मित्र सदस्य, म्हणजे सायकल न चालवता पाणी द्या, केळी वाटा, टाळ्या वाजवा. मला न विचारता अकरा वर्षं मी त्यात होते, फक्त कागदावर नाव नव्हतं. दुसरा, फिरता सदस्य, म्हणजे रविवारच्या फेऱ्या आणि अपघाताचा विमा. तिसरा, शर्यत सदस्य. तिथे मी न अडखळता खूण केली.

त्याखाली परवाना. त्यातही तीन. एक दिवसाचा, वयोगटाचा आणि खुला. इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. अहो, लायसन्स हा माझा विषय. मी रोज शिकवते की हलक्या वाहनाचं लायसन्स असलं तर ट्रक चालवता येत नाही, पण अवजड वाहनाचं असलं की मोटारही चालवता येते. वरचं काढलं की खालचं त्यात आलंच. शिकवताना मी फळ्यावर मोठा चौकोन काढते आणि त्यात लहान चौकोन. तर खुला परवाना सगळ्यात वरचा. तो काढला की पन्नाशीपुढचा गट त्यात आलाच, आणि उद्या वाटलं तर आणखीही कुठे जाता येईल. मी खुल्यावर खूण केली आणि ऐटीत कागद पुढे सरकवला.

वन्संनी चष्मा लावला. कागद बघितला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा कागद बघितला.

"नीट वाचलंस ना?" त्यांनी विचारलं.

"वन्सं, लायसन्स काय असतं ते मी लोकांना शिकवते."

"हो, ते खरंच," त्या म्हणाल्या, आणि हळूच शिक्का मारला. सुई गेली ते मला कळलंही नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी साडेसहाला टेकडीच्या पायथ्याशी क्रमांकाचे कापडी तुकडे वाटत होते. वन्संच्या आणि त्यांच्या वयाच्या बायकांच्या पाठीवर पिवळे. मला पांढरा मिळाला. मला वाटलं पहिल्यांदा आलेल्यांचा मान असेल. मी आपली पिवळ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले, तर शिट्टीवाला पंच आला आणि मला दंडाला धरून पुढच्या रांगेत नेलं. तिथे सगळ्या विशीतल्या मुली. एकेकीच्या मांड्या म्हणजे दगडी खांब. एकीच्या सायकलची किंमत माझ्या शिकवायच्या गाडीएवढी असावी. एक जण मला म्हणाली, काकू, प्रेक्षक त्या दोरीच्या पलीकडे.

मी पंचाला बाजूला घेतलं आणि चौकोनातला चौकोन समजावून सांगितला. तो बिचारा वयस्कर माणूस, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की बाई, इथे उलटं असतं. खालचा वर जाऊ शकतो, वरच्याला खाली उतरता येत नाही. नाहीतर या पोरी पन्नाशीच्या बायकांच्या गटात शिरून सगळ्या ढाली घेऊन जातील. तुमचा परवाना खुला, तुमचा गट हा. आणि या गटात नियम असा की सगळ्यात पुढच्या मुलीच्या दहा मिनिटं मागे पडलात की बाद. मागे झाडूगाडी असते, उरलेल्यांना गोळा करत येते.

मी कपाळावर हात मारला, पण हेल्मेट होतं.

तेवढ्यात वन्सं आल्या. चेहरा कसा अगदी प्रेमळ. म्हणाल्या, "अगं, अजून वेळ आहे. माघार घे, कुणी हसणार नाही. बाटली माझ्या पिशवीत आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, तुम्हाला शिक्का मारतानाच माहीत होतं. त्यावर त्या म्हणाल्या की मी विचारलं होतं ना, नीट वाचलंस का. आणि खरंच, विचारलं होतं. यालाच मी हलका हात म्हणते.

इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सरळ घरी जावं असं क्षणभर वाटलं. मग नजर पंचाच्या हातातल्या वेळापत्रकाच्या पाटीवर गेली. खुला गट सात वाजता. पन्नाशीपुढचा गट सव्वासात वाजता. रस्ता तोच, रेषा तीच. आणि कॅलेंडरमागे काय लिहिलंय, जी आधी रेषा ओलांडेल ती. वन्संचेच शब्द, वन्संचीच सही. पंधरा मिनिटं. मी डोळे पुसले आणि पांढऱ्या रांगेत जाऊन उभी राहिले. वन्संना म्हटलं, बाटली ह्यांना द्या, ते धरतील. त्यांनी खांदे उडवले आणि दिली.

शिट्टी वाजली आणि त्या मुली गेल्या. गेल्या म्हणजे गेल्याच, पहिल्या वळणाआधी दिसेनाशा झाल्या. सहा किलोमीटर सपाट रस्ता मी एकटीनं कापला. वाऱ्याला शिव्या देत होते, पण मनातल्या मनात, कारण दम पुरवायचा होता. चढ सुरू झाला तेव्हा मागून मोटारीचा आवाज आला. झाडूगाडी.

आता ऐका. तो आवाज ऐकल्याबरोबर मला कळलं की गाडी कोण चालवतंय. दुसरा गियर, इंजिन गुदमरतंय, क्लच अर्धा सोडलाय आणि ॲक्सिलरेटर द्यायचा राहिलाय. या जगात चढावर अशी गाडी चालवणारा एकच माणूस आहे, आमच्या बाजारातले चष्मेवाले. सभ्य गृहस्थ, साऱ्या गावाला चष्मे लावून देतात आणि स्वतःला आरशातलं काही दिसत नाही. माझ्याकडे सात महिने शिकले, परीक्षेत चारदा नापास, पाचव्यांदा पास झाले तेव्हा मी पेढे... नाही, पेढे नाही वाटले, पण खाली बसून पाणी प्यायले होते. क्लबचे मित्र सदस्य म्हणून त्यांना झाडूगाडी दिली होती. त्यांच्या शेजारी शिट्टीवाला पंच.

मला राहवेना. मी मान न वळवता ओरडले, "पहिला टाका!"

"हो मॅडम," मागून आवाज आला, आणि इंजिन मोकळं झालं.

पुढे गाडीत काय झालं ते मला दोघांनी नंतर वेगवेगळं सांगितलं, पण मुद्दा एकच. पंचाच्या घड्याळात मी दहा मिनिटांची हद्द ओलांडली. नियम असा की पंचानं शेजारी येऊन पाठीवरचा क्रमांक काढून घेतला की स्पर्धक बाद, तोवर नाही. पंच म्हणाला, घ्या शेजारी. चष्मेवाले म्हणाले, नाही घेता येणार. का? तर रस्त्याच्या मध्ये सलग पांढरी रेघ आहे, ती ओलांडायची नाही, आणि सायकलस्वाराला मागे टाकताना दीड मीटर जागा सोडायची, ती इथे नाही. पंच म्हणाला, अहो, शर्यतीसाठी रस्ता बंद आहे, समोरून चिटपाखरू येणार नाही. चष्मेवाले म्हणाले की मॅडमनी सांगितलंय, रस्ता रिकामा असला तरी रेघ ती रेघ. सात महिने मी त्यांच्या कानीकपाळी ओरडले होते. त्यातलं आणखी काही डोक्यात राहिलं नसलं तरी रेघ राहिली होती. पंच शिट्टी वाजवत राहिला. मला वाटलं प्रोत्साहन देतोय.

वळण एक, वळण दोन. मांड्या पेटल्या होत्या. मधूनमधून मागे इंजिन अडकायचं, मी ओरडायचे की हाफ क्लच, हाफ क्लच, आणि ते बापडे हो मॅडम म्हणायचे. मला बाद करायला आलेल्या गाडीला मीच चढावर शिकवत नेत होते. तिसऱ्या वळणावर हे उभे होते. बाटली हातात, तोंड भलतीकडे, कुणाशी तरी गप्पा चाललेल्या. मी जवळून गेले तर म्हणतात, अगं, तू इथे कशी?

वन्संच्या बाटलीचं काय झालं ते मी पाहिलं नाही, पण कळलं. वन्सं वळणावर आल्या, ह्यांनी घाईनं बाटली पुढे केली, ती झाकणाकडून धरली होती, झाकण ह्यांच्या हातात राहिलं आणि बाटली उतारावर गडगडत गेली. बाटली बुडाकडून, सैल बोटांनी आणि धावत्या सायकलच्या दिशेनं हात मागे नेत द्यायची असते. हे शिकायला मला दोन वर्षं लागली होती.

पाचव्या वळणावर, म्हणजे शेवटच्या, मला मागे श्वास ऐकू आला. गाडीच्या कडेनं वाट काढून एक सायकल पुढे आली होती. मी तो श्वास ओळखते. तिसऱ्या वळणावर उभं राहून अकरा वर्षं मी तोच ऐकत आले होते. फक्त आज तो कोरडा होता, घशातून खरखरत येणारा. वर रेषा दिसत होती, चारशे मीटर असेल. वन्सं माझ्या बरोबरीला आल्या. ओठ पांढरे पडलेले, चेहरा मातीसारखा. त्यांनी माझ्या सायकलवरच्या बाटलीकडे पाहिलं.

माझा हात आपोआप गेला. खरं सांगते, विचार केला नाही. बाटली काढली, बुडाकडून धरली, सैल बोटांनी, हात जरा मागे नेत, उंच. वाकायला नको एवढी उंच. त्यांनी घेतली.

आणि हात रिकामा झाल्यावर मला आठवलं. वन्सं पाणी पिताना पाय थांबवतात. मान मागे टाकतात आणि दोन्ही पाय जागच्या जागी राहतात, आठ आकडे मोजून होईपर्यंत. तिसऱ्या वळणावर चढ सैल असतो, म्हणून तिथे खपून जातं. इथे चढ छातीवर होता. इथे पाय थांबले की सायकल मेलीच. हे माहीत होतं म्हणून बाटली दिली, की त्यांचे ओठ बघवेनात म्हणून? मला वाटतं, हात ओठांसाठी गेला, आणि मग मी आकडे मोजायला लागले ते दुसऱ्या कारणासाठी. मी काही संत नाही.

सहा मोजले आणि मागे पुन्हा तो श्वास सुरू झाला, आता ओला, दांडगा, जवळ येणारा. मी जाम घाबरले. आणि घाबरले की मी काय करते ते तुम्हाला सांगितलंय. पाय दाबला. रेषा येईपर्यंत सव्वीस वर्षांचा ब्रेक मी एकटीनं दाबत होते.

अर्ध्या चाकानं मी आधी गेले. पलीकडे जाऊन गवतावर पडले. चष्मेवाल्यांनी आरसा बघितला, सिग्नल दिला, पुन्हा आरसा बघितला, गाडी रेघेच्या आत उभी केली, हँडब्रेक ओढला, आणि मग पंच उतरून धापा टाकत आला आणि माझ्या पाठीवरचा क्रमांक काढून घेतला. निकालपत्रावर माझ्यापुढे बाद असं लिहिलं. वन्संना सातवी ढाल मिळाली.

त्या दिवशी दुपारी जेवताना वन्सं म्हणाल्या की तू पंधरा मिनिटं आधी निघालीस. मी उठले, कॅलेंडर काढलं, उलटं करून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी आपली सही बघितली. ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, दोघींचंही बरोबर आहे.

मग वन्संनी विचारलं, "मी पाणी पिताना पाय थांबवते, हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"अकरा वर्षं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बाटली धरणारीला कोण विचारतं, वन्सं?"

त्यांनी ताटातला घास तसाच ठेवला. मला वाटलं होतं हे बोलून मला बरं वाटेल. तेवढंसं वाटलं नाही. पण शब्द मागे घेतले नाहीत, कारण खरे होते.

नवं वर्ष सुरू झालं तेव्हा वन्संनी मला क्लबच्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन फॉर्म. माझा त्यांनीच भरला होता, परवाना वयोगटाचा, पन्नाशीपुढे. दुसरा त्यांचा स्वतःचा. त्यात खूण मित्र सदस्यावर. मी तो हातात धरून उभी राहिले. म्हटलं, वन्सं, एका शर्यतीपुरतं पुरे, मग तुम्ही उतरा. त्या म्हणाल्या, अख्खं वर्ष लिहिलंय, मी नीट वाचलंय. आणि शिक्का मारला.

पहिल्या शर्यतीला मी पिवळा क्रमांक लावून चढले. तिसऱ्या वळणावर वन्सं उभ्या. बाटली बुडाकडून धरलेली, सैल बोटं, उंच. मला वाकावं लागलं नाही. मी घेतली, प्यायले, आणि दोन पावलं त्या माझ्या शेजारून चालत आल्या. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या जशा नस शोधताना बघतात.

"पाणी पिताना तू डोळे मिटतेस," त्या हळूच म्हणाल्या. "पाच आकडे मोजून होईपर्यंत. पुढच्या वर्षी भेटू."

एक्कावन्न वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अजून पाच शर्यती होत्या आणि प्रत्येकीत या वळणावर ही बाई मला बघणार होती. मी घाबरले, आणि पाय दाबला.